घरगुती बागांची देखभाल: माळीकामाचा व्यवसाय सुरू करताना

पुण्यासारख्या शहरात माळ्याला तीन तऱ्हेची कामं मिळतात. बंगले, गच्च्या आणि बाल्कन्यांची आठवड्याला एक खेप, सोसायटीतली रोजची हजेरी, आणि नवी बाग बसवून देण्याचं कंत्राट. नवख्याने कंत्राटाच्या मागे लागू नये. तिथे पैसा एकदम दिसतो, पण माती, कुंड्या, टेम्पो आणि मजुरीत भांडवल अडकतं आणि एखादी गच्ची गळली तर वर्षाची कमाई त्यात जाते. सोसायटीत पगार बांधलेला असतो, हातही तयार होतो, पण उत्पन्न वाढत नाही. आठवड्याच्या खेपांचं काम थोड्या भांडवलात सुरू होतं आणि महिन्याच्या महिन्याला पैसे देतं, म्हणून इथे त्याचाच विचार केला आहे.

या कामात तुम्ही बागेत जेमतेम तासभर असता. उरलेले सहा दिवस बाग घरच्यांच्या किंवा कामाला येणाऱ्या ताईंच्या हातात असते. झाड मेलं तरी बोल मात्र माळ्यालाच लागतो. त्यामुळे त्या सहा दिवसांची सोय लावणं हेही तुमचंच काम समजा. पहिल्या दिवसापासून तसं वागलं तर घरं टिकतात.

आधी चार महिने नर्सरीत

फेब्रुवारी ते मे नर्सरीत काम करा. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या पट्ट्यात रोपवाटिकांची रांगच आहे. मजुरी फार मिळत नाही, पण पिशव्या भरणं, रोप बदलणं, छाट कलम लावणं (फांदीचा तुकडा मातीत रोवून नवं रोप करणं) ही कामं दिवसातून शेकडो वेळा हाताखालून जातात. तेवढी सवय घरच्या दहा कुंड्यांवर होत नाही. या काळात निदान ५० झाडं पानावरून ओळखता आली पाहिजेत. सुरुवात घरोघरी असणाऱ्या झाडांपासून करा: जास्वंद, मोगरा, गुलाब, अनंत, सोनचाफा, बोगनवेल, इक्झोरा, कढीपत्ता, लिंबू, तुळस, शेवंती, अॅडेनियम, अरेका पाम, स्नेक प्लांट, मनी प्लांट. प्रत्येकाचं ऊन किती, पाणी किती, छाटणी कधी आणि नेहमीची कीड कोणती, ही चार उत्तरं तोंडपाठ हवीत.

कृषी विद्यापीठांचे माळी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम असतात. प्रमाणपत्राचा उपयोग नोकरीसाठी जास्त होतो. घरगुती गिऱ्हाईक ते फारसं मागत नाही, पण शिकायला मिळत असेल तर संधी सोडू नका. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे एक पूर्ण दिवस घालवा. उत्तम वाढलेलं झाड कसं दिसतं हे एकदा डोळ्यांत बसलं की आपल्या हातच्या झाडात काय कमी आहे ते कळू लागतं.

पहिली घरं जूनमध्ये धरा. पावसाळ्यात पाण्याची चिंता कमी असते, लावलेलं लागतं आणि छाटलेलं फुटतं. मे महिन्यात सुरुवात केली तर गिऱ्हाइकाची ओळख होण्याआधीच झाडं करपलेली दिसतात.

पिशवीत काय हवं

सगळ्यात जास्त पैसे सिकेटरवर, म्हणजे छाटणीच्या कात्रीवर, खर्च करा. ज्याची दोन पाती एकमेकींना घासून जातात तो घ्या. एक पातं खालच्या सपाट पट्टीवर आदळणारा सिकेटर वाळक्या फांद्यांना ठीक, पण ओली फांदी तो चेचतो आणि चेचलेल्या टोकातून बुरशी शिरते. कापताना धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे दाब पडलेला भाग कापून पडणाऱ्या तुकड्यात जातो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसा. संध्याकाळी चीक खरवडून तेलाचं बोट फिरवा.

बाकी सामान साधं आहे: दोन खुरपी, छोटी कुदळ, घमेलं, घडीची करवत, हेजची कात्री, २ लिटरचा हातपंप, मोजमापाचं झाकण किंवा सिरिंज, जाड हातमोजे, सुतळी आणि खाली अंथरायला ताडपत्री. ताडपत्री विसरू नका. बाल्कनीच्या फरशीवर मातीचे डाग राहिले तर झाडं कितीही चांगली दिसोत, घरातल्या बाईंना आधी डागच दिसतात. लॉन मूव्हर विकत घेऊ नका. हिरवळीची चार-पाच घरं मिळेपर्यंत भाड्याने आणा.

पहिली भेट

दर सांगण्याआधी बाग नीट पाहा. ऊन कुठल्या बाजूने आणि किती वेळ येतं, पाणी बोअरचं की महापालिकेचं, कुंड्यांना खाली भोकं आहेत का, सांडलेलं पाणी कुठे जातं. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडत असेल तर तुमच्या कामाची सुरुवात भांडणाने होईल, म्हणून कुंड्यांखाली ताटल्या आधी मागवा. ताटल्या दर खेपेला रिकाम्या करायच्या. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याची खेप चुकली नाही तर डेंग्यूचे डास तिथे वाढू शकत नाहीत.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: रोज पाणी कोण घालतं? उत्तर "कोणीही घालतं" असं आलं तर सावध व्हा. दोघं घालत असतील तर झाडं कुजतात आणि कोणीच घालत नसेल तर वाळतात. एकच माणूस ठरवून घ्या, त्याला किंवा त्या ताईंना प्रत्येक कुंडीजवळ उभं करून दाखवा आणि माप मगात सांगा. "थोडं घाला" यातून काही कळत नाही. "या मगाने दोन मग, खालून थेंब आले की थांबा" हे कळतं. ज्यांना आठवड्यात एकदाच पाणी हवं, अशा कुंड्यांना लाल सुतळी बांधा आणि त्यांना फक्त तुम्हीच पाणी घालाल असं सांगा.

पाणी, आणि मुळं पाहायची सवय

१२ इंची कुंडीला उन्हाळ्यात एका वेळी दीड ते दोन लिटर पाणी लागतं, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पुरतं. पण खरं उत्तर बोट देतं. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, टोकाला ओल लागली तर पाणी नको. घरातल्या स्नेक प्लांटला तर १२-१५ दिवसांनीही चालतं.

नवखा माळी इथेच फसतो: पानं मलूल दिसतात, म्हणून तो पाणी घालतो. माती ओली असताना झाड मलूल असेल तर बहुधा मुळं कुजली आहेत. कुंडी आडवी करून झाड गड्ड्यासकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीसकट, बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरं आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं, दोन बोटांत धरून ओढलं की साल सुटून येते आणि आत दोऱ्यासारखा धागा राहतो. नाकाला गटारीसारखा वास येतो. असा सगळा भाग कापा, माती बदला, वरची वाढ एक तृतीयांश कमी करा आणि १०-१५ दिवस सावलीत ठेवा. नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नका. आजारी झाडाला खत घालून मारण्याचं प्रमाण फार आहे.

नर्सरीतून आणलेल्या झाडाचं एक वेगळं दुखणं असतं. पिशवीतला गड्डा लाल चिकट मातीचा आणि आपण कुंडीत भरतो ते भुसभुशीत मिश्रण. पाणी सोप्या वाटेने मिश्रणातून खाली निघून जातं आणि मधला गड्डा विटेसारखा कोरडा राहतो. वरून माती ओली दिसते, तरी झाड वाळतं. त्यासाठी लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग पिशवी कापून गड्ड्याच्या कडेची माती बोटांनी हलकेच मोकळी करा. मुळं गोल गुंडाळलेली असतील तर दोन-तीन ठिकाणी उभा चिरा द्या.

दिवाळीत किंवा मे महिन्यात घरचे गावाला गेले की ठिबकचा टायमर लागतो. गच्चीवरची टाकी कुंड्यांपासून जेमतेम २ मीटर उंच असेल तर दाब ०.२ बारच मिळतो आणि दाबावर चालणारे टायमर त्यात उघडतच नाहीत. दुकानात "टाकीच्या कमी दाबावर चालणारा, बॉल व्हॉल्व्हचा" असं स्पष्ट सांगून घ्या. घरचे निघायच्या चार दिवस आधी बसवा, आदल्या दिवशी नको. कुठला ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) तुंबलाय ते त्या चार दिवसांत कळतं.

माती आणि वजन

पुण्याच्या कोरड्या हवेत चालणारं मिश्रण असं: ४ भाग पोयट्याची किंवा लाल माती, ३ भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग जाड वाळू किंवा परलाईट (हलके पांढरे खडे), आणि १२ इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती कुंडीत घालू नका. ओली असताना ती चिखल होते, वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. शेणखत हाताला गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. ते मुळं जाळतं आणि त्यातून हुमणीच्या अळ्याही येतात.

अंदाज काढायला हे आकडे पाठ करा: ८ इंची कुंडीत साधारण ४ लिटर, १० इंचीत ८ ते ९, १२ इंचीत १४ ते १५ लिटर मिश्रण बसतं. वीस मोठ्या कुंड्या म्हणजे ३०० लिटर. माती दबते म्हणून १० टक्के जास्त धरा. ५ किलोची कोकोपीटची वीट भिजवून ६५ ते ७० लिटर होते. वापरण्याआधी ती दोनदा धुऊन पिळा, नाहीतर त्यातल्या क्षारांनी कोवळ्या पानांच्या कडा करपतात.

गच्चीवर कोणी "एक फूट मातीचा वाफा करून द्या" म्हटलं तर हिशोब मांडून दाखवा. एका चौरस मीटरवर ३० सेंटीमीटर ओली माती म्हणजे जवळपास ५०० किलो. राहत्या इमारतीची वापरती गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो वापराचा भार धरून आखलेली असते. इंजिनीअरचं लेखी मत आल्याशिवाय असं काम हातात घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही जवळचं असलं तरी. मोठ्या कुंड्या भिंतीलगत आणि बीमच्या वर ठेवायच्या.

मातीवर पांढरा थर आणि पानाच्या शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा, हे जास्वंद, गुलाब आणि इक्झोरावर नेहमी दिसतं. बोअरच्या जड पाण्यामुळे झाडाला लोह मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येणाऱ्या रूपातलं) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घेऊन १५ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. जुनी पिवळी पानं पुन्हा हिरवी होतीलच असं नाही, नवीन पालवीकडे पाहून निकाल ठरवा आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

कीड आणि फवारणी

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की कीड शोधाच, कारण तिचा गोड चिकटा खायला येणाऱ्या मुंग्या तिची राखणही करतात. जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बंद करा, उरलेल्यांवर पाण्याची जोरदार धार मारा, मग संध्याकाळी १०,००० पीपीएमचं (हा बाटलीवर लिहिलेला तीव्रतेचा आकडा) निंबोळी तेल २ ते ३ मिली आणि द्रवरूप साबण १ मिली एक लिटर पाण्यात फेटून पानांच्या खालून फवारा. हेच दर ७ दिवसांनी तीन वेळा. एका फवारणीत कापसातली अंडी मरत नाहीत. नवखे एकदा फवारून थांबतात आणि पंधरा दिवसांनी औषधाला नावं ठेवतात.

गुलाबावर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, आली तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. कडक उन्हात किंवा निंबोळी तेलाच्या पाठोपाठ गंधक मारू नका, पानं भाजतात. दोन्हींमध्ये निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण पाहायची सवय लावा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचं काहीही राहत्या घरात नेऊ नका. धंदा म्हणून कीडनियंत्रण करायला परवाना लागतो, तेव्हा वाळवी-झुरळांची कामं "करून टाका" म्हटलं तरी नाकारा.

हिरवळीत लव्हाळा दिसला की तो ओढून काढायचा मोह होतो. ओढला की पात तुटते, जमिनीतल्या गाठी तशाच राहतात आणि शेजारच्या गाठींतूनही कोंब येतात. खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढावा लागतो, तोही दर आठवड्याला, महिनोन्‌महिने. बहुतेकदा तो भरावाच्या मातीतून येतो. म्हणून मातीचा टेम्पो रिकामा करण्याआधी दोन-चार ढेकळं फोडून काळ्या गाठी आहेत का ते पाहा, असतील तर माती परत पाठवा.

छाटणी: गुलाबावर हात बसवा

गुलाबाची मोठी छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास. जोमाच्या ३ ते ५ फांद्या ठेवून त्या १२ ते १५ इंचांवर कापायच्या, बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) साधारण अर्धा सेंटीमीटर वर, तिरपा काप देऊन. फार वर कापलं तर मधला दांडा वाळतो, फार जवळ कापलं तर डोळाच सुकतो. कापलेल्या टोकाचा गाभा तपकिरी दिसला तर पांढरा गाभा लागेपर्यंत खाली या. कलमाच्या गाठीखालून आलेला प्रत्येक फुटवा मुळापासून काढा. तो जंगली खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या झाडाचा, असतो आणि वरचं झाड खाऊन टाकतो.

टोकांना लगेच बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी पातं त्यात मिनिटभर बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

छाटणीनंतर फुलं यायला ४५ ते ५० दिवस लागतात. "दिवाळीला गुलाब हवेत" अशी मागणी येते. ती पुरी करायला भर पावसात छाटावं लागतं, मग ओल्या टोकांतून रोग शिरून फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत जातात. तिथे दिवाळीसाठी शेवंती आणि झेंडूच्या तयार कुंड्या सुचवा. मोगरा जानेवारीच्या शेवटी छाटायचा, आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, मग खत आणि भरपूर पाणी द्यायचं. बोगनवेलीला फुलं हवी असतील तर पाणी कमी आणि ऊन जास्त, तिचे लाड केले की नुसती पानं वाढतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, मात्र घरात विचारून, कारण संध्याकाळी किंवा एकादशीला तुळशीला हात लावलेला काही घरांत चालत नाही.

दर कसा ठरवायचा

शेजारचा माळी किती घेतो त्यावरून दर ठरवू नका. समजा महिन्याला २४,००० रुपये हातात हवेत. पेट्रोल ३,०००, हत्यारांची झीज १,०००, फोन ३००, आजारपणाची तजवीज १,७००. एकूण ३०,०००. दिवसाला ३ खेपा आणि २५ दिवस म्हणजे कागदावर ७५ खेपा होतात, पण पाऊस, सण आणि बंद घरं धरता ६०च पदरात पडतात. म्हणजे एका खेपेचे ५०० रुपये आणि चार खेपांच्या घराचे महिना २,०००. अशी १५ घरं लागतात. ती एकमेकांजवळ असतील तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये चौथी खेपही बसते, म्हणून पहिल्या वर्षी दोनच उपनगरं धरा आणि लांबचं काम सोडून द्या.

ठरलेलं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: महिन्याला किती खेपा, पाचव्या आठवड्याचं काय, कुंड्या किती, माती-खत-औषधांचे पैसे वेगळे आणि पावतीसकट, नवीन लागवडीचे वेगळे, पैसे किती तारखेला. सामान आणायचं असेल तर निम्मे पैसे आधी घ्या. रोपांवर नफा ठेवणार असाल तर तेही सांगूनच ठेवा, कारण नर्सरीतला भाव गिऱ्हाइकाला कधी ना कधी कळतोच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार कार्डावर फुकट होते. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सहसा गरज नसते.

जिवाची काळजी

धनुर्वाताचं इंजेक्शन दर १० वर्षांनी घ्या, गंजलेला खिळा लागेपर्यंत थांबू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा मिळतो, तो पहिल्याच महिन्यात काढा. पाचोळ्याच्या ढिगात किंवा विटांच्या मागे हात घालण्याआधी काठीने हलवा, तिथे घोणस बसलेली असू शकते. साप चावलाच तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, धावू नका. सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस तिथे असते. नारळावर चढणं आणि विजेच्या तारांजवळच्या फांद्या तोडणं ही वेगळ्या लोकांची कामं आहेत.

आवारातलं मोठं झाड "जरा उडवून द्या" असं सहज सांगितलं जातं. शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घरमालकाने काढायची आणि कागद हातात आल्याशिवाय करवत लावायची नाही, कारण कापणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो.

घरं १५ च्या पुढे गेली की मदतनीस घ्या. सुरुवातीचे दोन महिने त्याच्याकडे फक्त पाणी, ताटल्या आणि झाडलोट द्या, सिकेटर तुमच्याच हातात ठेवा. प्रत्येक घराची एक वही करा आणि त्यात तारीख, छाटणी, खत, औषध आणि त्याचं प्रमाण लिहा. पुढच्या ऑक्टोबरमध्ये कुठला गुलाब कुठे कापायचा, हे त्याला त्या वहीवरून सांगता येईल.